अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात मोटारदुरुस्ती शिकताना: नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

पुण्यात किंवा कोल्हापुरात मोटारदुरुस्ती शिकायची तर दोन वाटा सर्वांना ठाऊक असतात. आयटीआयमध्ये ‘यांत्रिक मोटारगाडी’ हा दोन वर्षांचा व्यवसाय घ्यायचा, नाहीतर एखाद्या गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली पाने पुसण्यापासून सुरुवात करायची. अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला यांपैकी एकही वाट दिसत नाही, आणि मग हे शिक्षण येथे फक्त महागड्या खासगी संस्थांतच मिळते असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते मिळते घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या दोन वर्षांच्या स्थानिक महाविद्यालयात. इलिनॉय राज्यातील जॉलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 साली सुरू झाले आणि ते या प्रकारातील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी 116 महाविद्यालये असून त्यांपैकी अनेकांत ‘ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी’ हा स्वतंत्र विभाग आहे. मी कॅलिफोर्नियात शिकले असल्यामुळे पुढील आकडे आणि नियम मुख्यतः त्या राज्याचे आहेत. इतर राज्यांत शुल्क आणि निवासाचे नियम बदलतात, कामाची पद्धत मात्र जवळपास तीच राहते.

पहिली पायरी: व्हिसा तपासणे

वर्ग निवडण्याआधी आपल्या कागदपत्रांवर काय लिहिले आहे ते पाहावे, कारण हा अभ्यासक्रम केवळ वर्गात बसून पुरा होत नाही. दुसऱ्या वर्षी बहुतेकांना एखाद्या गॅरेजात किंवा डीलरकडे पगारी काम करावे लागते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपली माणसे अडतात.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर अडचण नाही. एच-4 वर (म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरील माणसाच्या पती, पत्नी वा मुलांच्या व्हिसावर) असलेल्या व्यक्तीला पूर्णवेळ किंवा अर्धवेळ शिकता येते, त्यासाठी व्हिसा बदलावा लागत नाही. परंतु कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, हाती असल्याशिवाय एक डॉलरही कमावता येत नाही. हा परवाना 2015 च्या नियमानुसार एच-4 वरील पती किंवा पत्नीलाच मागता येतो आणि तोही जोडीदाराची आय-140, म्हणजे ग्रीन कार्डसाठीची याचिका मंजूर झाली असेल किंवा त्याचा एच-1बी सहा वर्षांपलीकडे वाढवलेला असेल तरच. एच-4 वर असलेल्या मुलांना तो मिळत नाही. शिवाय 21 वर्षे पूर्ण होताच मुलांचा एच-4 दर्जा संपतो, म्हणून एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात नाव घालणाऱ्या मुलाच्या पालकांनी ती तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी. भारतातून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर थेट येऊनही हे शिक्षण घेता येते, मात्र पदवीनंतर काम करण्याची मुभा साधारण 12 महिन्यांचीच असते. ती वाढवून मिळणारी ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांची) सवलत किमान चार वर्षांच्या पदवीधरांसाठी आहे, आणि एच-1बी साठीही सामान्यतः तशीच पदवी लागते. दोन वर्षांच्या या सहयोगी पदवीवर (असोसिएट डिग्रीवर) अमेरिकेत मेकॅनिक म्हणून कायमचे राहता येईल असे कोणी एजंट सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नयेत. सहा महिन्यांसाठी बी-2 या पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना किंवा भावंडांना श्रेयांकांचा अभ्यासक्रम करता येत नाही.

दुसरी पायरी: शुल्काचा हिशेब

कॅलिफोर्नियातील रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात प्रत्येक युनिटला, म्हणजे श्रेयांकाला, 46 डॉलर द्यावे लागतात. सहयोगी पदवीसाठी साधारण 60 युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे शिक्षणशुल्क 2,760 डॉलरच्या आसपास येते. त्यावर आरोग्यशुल्क, वाहनतळ, पुस्तके आणि प्रयोगशाळेचे साहित्य हे वेगळे. राज्याबाहेरच्या किंवा अनिवासी विद्यार्थ्याला हाच दर कित्येक पटींनी जास्त पडतो. म्हणून ‘रहिवासी’ ठरणे हा येथला खरा पैशाचा प्रश्न आहे: सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष राज्यात प्रत्यक्ष राहिल्याचा आणि येथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि त्यासाठी वाहनपरवाना, राज्याचे करविवरण, घरभाड्याचा करार ही कागदपत्रे कामास येतात. एच-1बी आणि एच-4 वरील लोकांना हा दर्जा मिळवता येतो, एफ-1 वरील विद्यार्थ्यांना नाही. माझ्या ओळखीतील एका गृहिणीने केवळ ही माहिती नसल्यामुळे पूर्ण एक सत्र अनिवासी दराने भरले होते. संघराज्य सरकारची पेल ग्रँट ही गरजू विद्यार्थ्यांसाठीची आर्थिक मदत मात्र नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी आहे. एच-4 वाल्यांनी त्या अर्जात वेळ घालवू नये.

तिसरी पायरी: कॉलेज कसे निवडावे

संकेतस्थळावरील छायाचित्रे पाहून कॉलेज निवडू नये. पहिला प्रश्न मान्यतेचा विचारावा. ‘एएसई एज्युकेशन फाउंडेशन’ ही संस्था अशा विभागांना तीन पातळ्यांवर मान्यता देते: देखभाल व हलकी दुरुस्ती, ऑटोमोबाइल सर्व्हिस टेक्नॉलॉजी आणि मास्टर ऑटोमोबाइल सर्व्हिस टेक्नॉलॉजी. या पातळ्यांसाठी किमान शिकवणीचे तास अनुक्रमे 540, 840 आणि 1,200 असे ठरवलेले आहेत, आणि या फरकामुळे दोन शेजारच्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या हातात दिसण्याइतका फरक पडतो. तेल बदलणे, टायर, ब्रेक एवढेच काम हवे असेल तर पहिली पातळी पुरते; बिघाड शोधण्याचे काम करायचे असेल तर तिसरीच पाहावी.

दुसरा प्रश्न कंपन्यांच्या कार्यक्रमांचा. जनरल मोटर्सचा ‘एसेप’ 1979 पासून चालू आहे, टोयोटाचा ‘टी-टेन’ आणि फोर्डचा ‘अ‍ॅसेट’ हेही त्याच धर्तीचे आहेत. यांत काही आठवडे कॉलेजात आणि काही आठवडे त्या कंपनीच्या डीलरकडे पगारी काम असे आलटूनपालटून शिक्षण होते. त्यासाठी एखाद्या डीलरने विद्यार्थ्याला पुरस्कृत करावे लागते, कामाचा परवाना लागतो, आणि वाहन चालवण्याची नोंद स्वच्छ लागते. ग्राहकाची गाडी रस्त्यावर चालवून पाहायची असते, त्यामुळे विमा कंपनी परवान्याची चौकशी करते. नव्याने आलेल्यांनी कॉलेजच्या अर्जाआधी वाहनपरवाना मिळवावा असे मी आग्रहाने सांगते, कारण या धंद्यात परवाना नसलेला माणूस म्हणजे अर्धाच मेकॅनिक.

त्यानंतर एखाद्या संध्याकाळी, वर्ग चालू असताना, विभागात प्रत्यक्ष जावे. लिफ्टवर चढवलेल्या गाड्यांची चाके निघालेली आहेत का, की त्या नुसत्या शोभेला उभ्या आहेत, हे पाहावे. किती विद्यार्थ्यांमागे एक स्कॅन टूल (गाडीच्या संगणकातील बिघाडाचे संकेत वाचणारे यंत्र) आहे, ऑसिलोस्कोप (विद्युत संकेतांचा आलेख दाखवणारे यंत्र) कपाटात कुलुपबंद आहे की बाकावर पडलेला आहे, बाहेरच्या लोकांच्या खऱ्या बिघडलेल्या गाड्या विद्यार्थ्यांकडे येतात का, हायब्रिड आणि विद्युत वाहनांसाठी 1,000 व्होल्टचे हातमोजे आहेत का, हे प्रश्न तेथील शिक्षकांना विचारावेत. ते सहसा आनंदाने उत्तर देतात. अनेक विभागांतील शिक्षक पंधरावीस वर्षे धंद्यात घालवून मग शिकवायला आलेले असतात, आणि कोणी आपणहून चौकशीला आले की त्यांना बरे वाटते.

चौथी पायरी: प्रवेश आणि जागा

कॅलिफोर्नियात 18 वर्षांवरील कोणालाही प्रवेश मिळू शकतो. गुणवत्ता यादी, कट-ऑफ, सीईटी असे काही नसते. भांडण असते ते जागेचे. प्रयोगशाळेच्या वर्गात लिफ्ट जितक्या तितक्याच जागा असतात आणि त्या पहिल्या काही तासांत भरतात. राज्याच्या सामायिक संकेतस्थळावर अर्ज करून, समुपदेशकाची भेट घेऊन ‘एज्युकेशनल प्लॅन’ तयार करून घेतला, की नोंदणीची तारीख लवकरची मिळते. हे काम सत्र सुरू होण्याच्या तीनचार महिने आधी उरकावे. प्रतीक्षायादीत नाव आले तर पहिल्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष हजर राहावे. न आलेल्यांची नावे शिक्षक त्याच दिवशी कमी करतात आणि उभ्या असलेल्यांना ‘अ‍ॅड कोड’, म्हणजे वर्गात नाव घालण्याचा क्रमांक, देतात. मला पहिला वर्ग असाच मिळाला.

भारतात आधी पदवी घेतलेली असेल तर येथे आणखी एक सोय आहे. मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घेतल्यास इंग्रजी, इतिहास, गणित असे सामान्य विषय माफ होऊ शकतात. तरीही माझा सल्ला असा की पदवीधराने सहयोगी पदवीच्या मागे न लागता थेट विषयवार प्रमाणपत्रे घ्यावीत. गॅरेजमालक पदवीकडे फारसे पाहत नाही, आणि तुमच्याकडे ती आधीपासून आहेच.

पाचवी पायरी: शब्द बदलून घेणे

ही पायरी कोणत्याही माहितीपत्रकात नसते, पण माझा पहिला महिना तिनेच खाल्ला. आपण लहानपणापासून ज्या नावांनी गाडी ओळखतो ती इंग्रजीच आहेत असे आपल्याला वाटते. येथे त्यांतली निम्मी कोणालाच कळत नाहीत. डिक्कीला येथे ट्रंक म्हणतात आणि बॉनेटला हूड. सायलेन्सर म्हटल्यावर समोरचा बंदुकीचा विचार करतो, कारण त्याच्या लेखी तो मफलर असतो. मडगार्डचे फेंडर होते, गिअरबॉक्सचे ट्रान्समिशन, स्टेपनीचे स्पेअर, स्पॅनरचे रेंच, आणि पेट्रोलला तर गॅस म्हणावे लागते, जे आपल्या कानाला स्वयंपाकघरातले वाटते. ‘सेल्फ लागत नाही’ असे मी एकदा इंग्रजीत भाषांतर करून सांगितले, तेव्हा शिक्षक बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना हवा असलेला शब्द ‘स्टार्टर’ हा होता. अर्थिंगला ग्राउंड म्हणायचे, हे मात्र पक्के डोक्यात बसवावे, कारण विद्युत आकृत्यांत दुसरा शब्दच येत नाही.

मापांचेही तसेच आहे. नटबोल्ट बहुतेक मेट्रिकच असतात, म्हणून 10, 12, 14 चे पाने ओळखीचे वाटतात. परंतु आवळण्याचा जोर फूट-पाउंडांत सांगितला जातो आणि एक फूट-पाउंड म्हणजे सुमारे 1.356 न्यूटन-मीटर. टायरच्या नक्षीची खोली इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात आणि बहुतेक राज्यांत 2/32 ही खालची मर्यादा धरतात. हवेचा दाब मात्र आपल्यासारखाच पीएसआयमध्ये सांगतात.

हत्यारांची खरेदी पहिल्या दिवशी करू नये. सुरक्षा चष्मा, पोलादी टोकाचे बूट आणि व्होल्ट वगैरे मोजणारा साधा मल्टिमीटर एवढ्यावर पहिले सत्र निघते, बाकी हत्यारे विभागाच्या टूलरूममधून मिळतात. स्नॅप-ऑन, मॅटको, मॅक यांचे ट्रक दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येतात आणि हप्त्याने हत्यारे विकतात. कमाई सुरू होण्याआधी या हप्त्यांत अडकलेली मुले मी पाहिली आहेत. विद्यार्थी असेपर्यंत काही हत्यार कंपन्या मोठी सूट देतात, ती शेवटच्या सत्रात, काय लागते हे कळल्यानंतर वापरावी.

सहावी पायरी: प्रयोगशाळेत काय शिकायचे

पहिल्या आठवड्यात सुरक्षेची ऑनलाइन परीक्षा होते आणि मग गाडी लिफ्टवर चढवायला शिकवतात. हे काम सोपे दिसते. लिफ्टचे चार हात गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या बिंदूंखालीच लावायचे, चाके जमिनीपासून वीतभर उचलली की थांबायचे, बंपर धरून गाडी हलवून पाहायची, पुन्हा चारही बिंदू वाकून पाहायचे, आणि मगच वर न्यायची. हव्या त्या उंचीवर नेऊन ती पुन्हा थोडी खाली आणायची, म्हणजे वजन हायड्रॉलिकवरून यांत्रिक खटक्यांवर बसते. खटका बसल्याचा ‘खट्’ असा आवाज दोन्ही खांबांतून ऐकू आला पाहिजे. एकाच खांबातून आला तर गाडीखाली जायचे नाही. आमच्या शिक्षकांनी या एका गोष्टीवर तीन तास घालवले आणि तेव्हा मला ते फार वाटले होते.

त्यानंतरची सत्रे आठ विषयांभोवती फिरतात: इंजिन, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, मॅन्युअल ट्रान्समिशन व अ‍ॅक्सल, सस्पेन्शन व स्टिअरिंग, ब्रेक, विद्युत यंत्रणा, वातानुकूलन आणि इंजिनाची कार्यक्षमता. नव्या माणसाने ब्रेकने सुरुवात करावी, कारण त्यात मोजमापाची शिस्त लागते. ब्रेक डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते; मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजायची, आकडे लिहायचे, आणि मगच डिस्क ठेवायची की बदलायची ते ठरवायचे. आपल्याकडचा चांगला मिस्त्री बोट फिरवून हे सांगतो आणि बहुधा बरोबर सांगतो, पण येथे बोट पुराव्यात धरत नाहीत. ग्राहकाला दिलेल्या कागदावर मिलिमीटर लिहावे लागतात.

तरीही माझ्या मते सगळ्यात मोलाचा विषय विद्युत यंत्रणेचा आहे आणि तो कधीही ऑनलाइन घेऊ नये. एक उदाहरण देते. आमच्याकडे एक जुनी सेडान आली होती, स्टार्टर जडपणे फिरत होता, आणि मालकाने बाहेर दोनदा बॅटरी बदलून घेतलेली होती. मला खात्री होती की स्टार्टरच गेला आहे. शिक्षकांनी तो काढू दिला नाही. आधी सर्व्हिस माहितीतील, म्हणजे कंपनीच्या दुरुस्तीच्या सूचनांतील, आकृती काढायला लावली. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर लावून, कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून, आकडा वाचायला सांगितला. तो 0.2 व्होल्टच्या खाली असायला हवा होता; आला 1.1. म्हणजे बारा व्होल्टांतला एक व्होल्टाहून जास्त भाग त्या ग्राउंडच्या तारेतच वाया जात होता. तार वरून कोरी दिसत होती. टोकाजवळचे आवरण कापल्यावर आत हिरवी भुकटी निघाली. तार बदलली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. स्टार्टर बदलला असता तर मालकाचे तिसरे बिल झाले असते आणि बिघाड तसाच राहिला असता.

या अभ्यासक्रमात खरे शिकायचे ते हेच: वाचणे, मोजणे, मग हात लावणे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींना 1996 पासून ओबीडी-2 ही स्वनिदान यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिच्यामुळे अनेकांना वाटते की स्कॅनर लावला की उत्तर मिळते. स्कॅनर पी0420 असा संकेत दाखवतो आणि त्याचा अर्थ एवढाच की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता कमी भासते आहे. कन्व्हर्टरच खराब आहे, की त्याच्या आधी सायलेन्सरच्या नळीला गळती आहे, की इंजिन जास्त इंधन जाळते आहे, हे शोधायचे काम माणसाचेच राहते. त्यासाठी तांत्रिक इंग्रजी वाचता यावे लागते, आणि येथे भारतात शिकलेल्या माणसाची बाजू खरोखर वरचढ असते. बोलण्यात अडखळणारे आपले लोक पाचशे पानांची सर्व्हिस माहिती न कंटाळता वाचू शकतात. माझ्या वर्गात हे कौतुकाने पाहिले जाई.

सातवी पायरी: प्रमाणपत्रे आणि पहिली नोकरी

कॉलेजच्या प्रमाणपत्राखेरीज दोन गोष्टी शिकत असतानाच मिळवाव्यात. वातानुकूलन यंत्रणेचे काम मोबदला घेऊन करायचे तर ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’च्या कलम 609 अन्वये प्रमाणपत्र कायद्यानेच लागते, परीक्षा छोटी असते आणि अनेक कॉलेजे ती वर्गातच घेतात. दुसरी म्हणजे एएसईची विद्यार्थ्यांसाठीची प्रवेशपातळीची परीक्षा. मुख्य एएसई प्रमाणपत्रे, ए1 ते ए8, ही 1972 साली स्थापन झालेल्या त्याच नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मिळतात, त्यांसाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि कॉलेजच्या शिक्षणाने त्यातील एक वर्षापर्यंतचा भाग भरून निघतो. आठही उत्तीर्ण झाल्यावर ‘मास्टर टेक्निशियन’ म्हणतात. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते.

पहिली नोकरी घेताना पगार कसा मोजतात हे स्पष्ट विचारावे. अनेक डीलर ‘फ्लॅट रेट’ने देतात: पुस्तकात एखाद्या कामाला दीड तास लिहिला असेल तर दीड तासाचेच पैसे मिळतात, मग तुम्हाला एक तास लागो वा तीन. तरबेज माणसाला हे लाभाचे आहे, नवख्याला ते उपाशी ठेवते. पहिले वर्षभर घड्याळी तासावर पगार देणारे ठिकाण शोधावे, भले दर थोडा कमी असला तरी. कामगार खात्याच्या मे 2023 च्या आकडेवारीनुसार या व्यवसायातील मध्यक वार्षिक वेतन 47,770 डॉलर होते. सॉफ्टवेअरच्या शेजाऱ्यांच्या तुलनेत हे कमी आहे आणि ते आधीच मान्य करून यावे. कॅलिफोर्नियात आणखी एक नियम उपयोगी पडतो: किमान वेतनाच्या दुप्पट पगार नसेल तर कामाला लागणारी हत्यारे मालकाने पुरवायची असतात, आणि हे न सांगता स्वतःची पेटी आणायला लावणारे मालक भेटतात.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी आणि प्रत्येक कामाची तारीख, गाडीचे वर्ष व मॉडेल, बिघाड आणि मोजलेले आकडे तिच्यात लिहावेत. एएसईच्या अर्जात अनुभव कोठे, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतला ते भरावे लागते. दोन वर्षांत तीन ठिकाणे बदलली असतील तर त्या वेळी ही वहीच हाताशी येते.